पाणीखात्याचा भुंक्या

मी एक जुना इशारा आहे.

मित्रांनो, इशारा म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर भोंगा येईल, लाल दिवा येईल, नाहीतर पाहुण्यांसमोर डोळे वटारणारी आई येईल. मी त्यांपैकी कोणीच नाही. मला अंग नाही आणि आवाजही नाही. मी म्हणजे एक अट आणि एक पत्ता. अट अशी, की शहराच्या पाणीखात्याच्या वेबसाइटवरचे एक ठरावीक पान नेहमीपेक्षा फार जास्त लोक उघडू लागले, की मी जागे व्हायचे. आणि पत्ता त्या माणसाचा, ज्याला मी लगेच ईमेल पाठवायचा. एवढाच माझा जीव. मी खोलीतले बोलणे कसे ऐकले, लोकांच्या घरात काय झाले ते मला कसे समजले, असे विचारू नका. काही मी स्वतः पाहिले. बाकीचे, लोक माझ्यासमोर बसून बोलले तेव्हा कळले.

माझा जन्म पाणीखात्याच्या कचेरीत तिसऱ्या मजल्यावर झाला. खोली लांबट होती. खिडकीतून मोठी टाकी दिसायची. पंख्याने कागद उडू नयेत म्हणून प्रत्येकाच्या टेबलावर नळाची एकेक जुनी तोटी ठेवलेली असायची. एका भिंतीला कायमची ओल होती. पाणीखात्याच्याच भिंतीला ओल, हा विनोद येणारा प्रत्येक माणूस करायचा, आणि खात्यातली माणसे दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी हसायची.

मला ताईंनी तयार केले. त्या खात्याची वेबसाइट सांभाळत. वयाने मोठी माणसेसुद्धा त्यांना ताईच म्हणत, अगदी मुख्य अभियंता असलेले साहेबही. ताईंना खुर्चीवर नीट बसलेले कोणी पाहिले नव्हते. एक पाय खाली, एक पाय दुमडलेला, आणि कोणी हाक मारली की लगेच उभ्या.

त्या वेबसाइटवर एक पान होते. 'पाणी गढूळ आहे का? वास येतो आहे का? मग हे करा', असे त्याचे नाव. पाणी पिऊ नका, उकळूनसुद्धा नका, खात्याला कळवा, घरात कोणाला उलट्या-जुलाब झाले तर साखर-मिठाचे पाणी अमुक प्रमाणात द्या आणि दवाखाना गाठा, असे त्यात सोप्या शब्दांत लिहिले होते. ताईंनी ते पुन्हा पुन्हा लिहून काढले होते. प्रत्येक वेळी त्या ते घरी वडिलांना वाचायला देत. वडील जिथे अडखळत, ते वाक्य ताई बदलत.

एकदा शहराच्या एका भागात खरोखरच गढूळ पाणी आले. तक्रारीचा फोन कोणालाच लागत नव्हता, कारण सगळे एकाच वेळी फोन करत होते. खात्याला दुपारी समजले. तोवर बरीच माणसे आजारी पडली होती. ताईंनी नंतर वेबसाइटचे आकडे उघडून पाहिले आणि तशाच उठून साहेबांकडे गेल्या.

"साहेब, हे बघा. सकाळी नळाला पाणी आलं तेव्हापासूनच या पानावर झुंबड आहे. लोक आपल्याला फोन करायच्या आधी मोबाइलवर शोधतात. आपल्याला सकाळीच कळलं असतं."

साहेब म्हणाले, "मग काय, एक माणूस दिवसभर आकड्यांकडे टक लावून बसवू?"

"माणूस कशाला? आकडे हलले की आपोआप मेल येईल, असं करता येतं."

"करा मग. पण मला त्यातलं काही विचारू नका, मला अजून मोबाइलवर फोटो सापडत नाहीत."

असा मी झालो. ताईंनी मला फार विचाराने घडवले. या क्षणाच्या गर्दीची तुलना कशाशी करायची? कालच्याशी करून चालणार नव्हते, कारण सुट्टीच्या दिवशी लोक उशिरा उठतात. म्हणून मागच्या आठवड्यातला तोच वार आणि तीच वेळ. गर्दी तिप्पट झाली तरच बोलायचे. पण एकाचे तीन झाले म्हणून ओरडायचे नाही, निदान काही माणसे तरी हवीत. आणि मेलमध्ये नुसता आकडा नको, शहराच्या कोणत्या भागातून लोक येत आहेत, तेही हवे. ताई प्रत्येक अट टाइप करताना पुटपुटत, भाजीवालीशी घासाघीस करावी तशा.

मग परीक्षा झाली. "सगळ्यांनी आपापल्या मोबाइलवर ते पान उघडा," ताई ओरडल्या. खोलीतल्या सगळ्यांनी उघडले. पंपाच्या कामावरचे मुकादम हजेरीला आले होते, त्यांनीही उघडले, आणि पुन्हा पुन्हा उघडत राहिले. काही क्षण काहीच झाले नाही. मग ताईंच्या कॉम्प्युटरवर टिंग वाजले. माझा पहिला मेल.

"भुंकलं की हो तुमचं कुत्रं!" मुकादम म्हणाले.

त्या दिवसापासून मी भुंक्या झालो. कोणी रजेवरून आले की विचारायचे, "भुंक्या काही म्हणाला का?"

मित्रांनो, ती माझी चांगली वर्षे. एका सकाळी बाजारामागच्या भागातून लोक त्या पानावर येऊ लागले. मी मेल पाठवला. ताई तेव्हा घरून निघत होत्या. त्यांनी जिन्यातूनच फोन केला, मुकादमांनी त्या भागाचा व्हॉल्व्ह बंद केला, भोंगा लावलेली गाडी गल्ल्यांतून फिरली, 'पाणी पिऊ नका' असे सांगत. जुनी वाहिनी फुटलेली सापडली. त्या दिवशी एकही माणूस आजारी पडला नाही. साहेब तिसऱ्या मजल्यावर आले, ताईंच्या कॉम्प्युटरसमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि गंभीरपणे म्हणाले, "याला काही खायला-बियला देता येतं का?"

मला तेव्हा वाटले होते, की आपण असेच राहू.

पुढे साहेब निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी मॅडम आल्या. मॅडम कामसू होत्या, वेळेच्या पक्क्या होत्या. त्यांना आकडे फार आवडत. माझी गोष्ट कानावर गेल्यावर त्या खूश झाल्या. "एका इशाऱ्यानं एवढं काम होतं, तर आणखी का नाहीत?" त्या म्हणाल्या. आणि मला भावंडे होऊ लागली. बिलाचे पान कमी लोकांनी पाहिले की मेल. जास्त लोकांनी पाहिले की मेल. वेबसाइटवर येणारे नेहमीपेक्षा जरा कमी वेळ थांबले की मेल. गर्दी वाढली की एक, ओसरली की दुसरा. शिवाय वेबसाइटवर नुसती माणसे येत नाहीत, यंत्रेही येतात. कुठल्यातरी दूरच्या कॉम्प्युटरने रात्रभर पाने उघडमीट केली, की सकाळी आम्हा भावंडांच्या मेलचा खच पडलेला असे.

ताई मॅडमकडे गेल्या. "मॅडम, सगळेच ओरडायला लागले तर खरं कोण ओरडतंय ते कळायचं नाही."

"ताई, जास्त माहितीनं कोणाचं काही बिघडत नाही," मॅडम म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना खरेच तसे वाटत होते.

मग खर्च कमी करायचे ठरले. ताई करारावर होत्या, त्यांचा करार पुढे वाढवला नाही. वेबसाइटचे काम मीटर विभागातल्या एका कारकुनांकडे आले. त्यांना काहीही सांगितले, की ते म्हणत, "बघतो." त्यामुळे कचेरीत त्यांचे नाव बघतोसाहेब पडले होते. माणूस वाईट नव्हता. त्यांच्या पत्नीचे मोठे ऑपरेशन झाले होते आणि त्या अंथरुणावर होत्या. बघतोसाहेब सकाळी घरचे सगळे उरकून येत. शर्टाच्या बाहीवर कधी पिठाचा डाग असे, कधी औषधाचा. मीटरचे काम होतेच, त्यात हे दुसरे.

शेवटच्या दिवशी ताईंनी त्यांना शेजारी बसवून सगळे दाखवले. माझ्यातला स्वतःचा पत्ता काढून त्यांचा पत्ता घातला. मग माझ्या नावावर बोट ठेवून म्हणाल्या, "बाकीचे कसेही असोत. हा वेगळा आहे. याचा मेल आला की हातातलं टाकून बघायचं."

"बघतो."

"नुसतं बघतो नको हो. शब्द द्या."

ते हसले. "दिला. ताई, लोक चेष्टा करतात, पण मी बघतो म्हणतो तेव्हा खरंच बघतो."

आणि त्यांनी काही महिने खरेच पाहिले. प्रत्येक मेल ते उघडत, चष्मा पुढे-मागे करत वाचत, आणि त्यात काही नाही असे कळले, की सुस्कारा टाकत. पण आम्ही भावंडे थांबत नव्हतो. मेल त्यांच्या मोबाइलवरही येत. पत्नीला कशीबशी झोप लागावी आणि उशाशी मोबाइलने टिंग करावे. कशाचा मेल? तर बिलाच्या पानावर आज लोक जरा कमी थांबले. मोबाइलचा आवाज बंद करावा, तर दवाखान्याचा फोन चुकण्याची भीती.

एका दुपारी त्यांनी मीटर विभागातल्या एका सहकाऱ्याला विचारले, "हे मेल एका बाजूला टाकता येतात का हो? पुसायचे नाहीत. फक्त समोर नकोत."

"येतात की. एक नियम करून ठेवा. या पत्त्यावरून आलेले सगळे मेल आपोआप एका फोल्डरमध्ये जातील. सवड झाली की वाचा."

त्यांनी तसा नियम केला. फोल्डरचे नाव ठेवले 'सवडीने'. मित्रांनो, तो नियमही माझ्यासारखाच होता. एक छोटीशी अट आणि एक जागा. माझा मेल आणि भावंडांचे मेल यांत फरक करायला त्या नियमाला कोणी शिकवले नव्हते. आम्ही सगळे एकाच पत्त्यावरून निघायचो.

पहिल्या आठवड्यात बघतोसाहेबांनी तो फोल्डर दोनदा उघडला. पुढच्या आठवड्यात एकदा. नंतर पत्नीच्या अंगात ताप राहू लागला, आणि तो उघडायचा राहून गेला.

शहरात एका टेकडीच्या उतारावर वस्ती होती. अरुंद रस्ते, एकाला एक लागून घरे, दोन घरांत एकच भिंत. तिथे रस्ता रुंद करण्यासाठी खोदकाम चालले होते. यंत्राचा फाळ जमिनीत जरा खोल गेला आणि सांडपाण्याची वाहिनी फुटली. शेजारून जाणाऱ्या पिण्याच्या पाण्याच्या वाहिनीलाही तडा गेला. खोदणाऱ्यांना वर थोडी ओल दिसली. त्यांनी माती टाकली, दाबली आणि ते पुढे सरकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वस्तीत पाणी आले.

पान उघडणारी माणसे मला दिसत नाहीत. एवढेच दिसते, की कोणीतरी पान उघडले, कोणत्या भागातून उघडले, किती वेळ थांबले, आणि शोधायच्या चौकटीत काय लिहिले. आधी एकाने लिहिले, 'पाण्याला वास'. मग दुसऱ्याने, 'पाणी पिवळट'. मग एकदम पुष्कळ जण. 'आंघोळ केली तर चालेल का.' 'चुकून प्यायलो.' माझी अट पूर्ण झाली. मी मेल पाठवला, त्यात त्या उताराचे नाव ठळक लिहिलेले होते.

मेल पोहोचला आणि 'सवडीने'मध्ये जाऊन बसला.

गर्दी कायम राहिली तर दर तासाला पुन्हा कळवायचे, असे मला ताईंनी शिकवले होते. मी पुन्हा पाठवला. पुन्हा पाठवला. त्या दिवशी मीटरच्या तक्रारींची रांग जिन्यापर्यंत गेली होती आणि बघतोसाहेब खाली खिडकीवर बसले होते. मध्ये जरा वेळ मिळाला तसे ते वर आले, कॉम्प्युटरसमोर बसले आणि त्यांनी मेल उघडले. समोर एकही नवा मेल नव्हता. त्यांनी खुर्चीत मागे रेलून आळस दिला.

"आज शांत आहे," ते स्वतःशीच म्हणाले, आणि बाटलीतले पाणी पिऊन पुन्हा खाली गेले.

मी तिथेच होतो, मित्रांनो. पण मला मेलशिवाय दुसरे काहीच करता येत नाही.

आता जे सांगतो, ते मला ताईंच्याच तोंडून कळले. ताई त्याच उतारावर राहायच्या, वडिलांबरोबर. पाणीखात्याची नोकरी सुटल्यापासून त्या घरूनच काम करत. त्या सकाळी नळाखाली भांडे धरताच त्यांना वास आला. त्यांनी पाणी ओतून दिले आणि वडिलांना सांगितले, "बाबा, हे पाणी तोंडात घालू नका. कालचं भरलेलं आहे, तेच पुरवू." मग सवयीने त्यांनी मोबाइलवर ते पान उघडले. म्हणजे त्या सकाळी मी मोजलेल्या माणसांत ताईही होत्या. मला ते माहीत नव्हते.

वडील म्हणाले, "अगं, खात्याला फोन कर ना."

"लागणार नाही, बाबा. आणि गरजही नाही. भुंक्या आहे ना! इतक्या लोकांनी पान उघडलं असेल, की आत्तापर्यंत मेल गेलाय. तासाभरात गाडी येईल बघा, भोंगा लावून."

"बरं, मग मी शेजारी तरी सांगून येतो."

"कशाला? गाडी येतेच आहे. तुमचे गुडघे बघा आधी. जिना उतरायचा आणि परत त्यांचा चढायचा."

वडील बसले. ताईंचे काम होते, त्यांनी कानाला हेडफोन लावले. भोंगा ऐकू आला नाही, तेव्हा त्यांना वाटले, हेडफोनमुळे आला नसेल.

शेजारी कपडे शिवणाऱ्या एक बाई राहत. त्यांच्या छोट्या मुलीला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती चालताना मधूनच स्वतःभोवती गिरकी घ्यायची. रोज दुपारी ती ताईंच्या वडिलांकडे यायची आणि त्यांच्याकडून कागदाचे प्राणी करून घ्यायची. प्राणी ओळखता आला नाही तर ती वडिलांना रागवायची, "आजोबा, हा घोडा नाहीये, ही खुर्ची झालीये." त्या सकाळी बाईंना सर्दी झाली होती, त्यांना वास कळला नाही. पाणी भरले ते काळ्या पिंपात, त्यामुळे रंगही दिसला नाही. त्यांना मशीनवरून मान वर करायला फुरसत नव्हती. भिंगरीला तहान लागली की ती स्वतःच पिंपातून पेला भरून घ्यायची. ते तिला नुकतेच जमू लागले होते आणि त्याचा तिला अभिमान होता.

त्या दुपारी ती आली नाही. वडील म्हणाले, झोपली असेल.

दुसऱ्या दिवशी माझ्या पानावरचे शब्द बदलले. 'साखर किती मीठ किती.' 'उलटी थांबत नाही.' 'लहान मूल जुलाब पाण्यासारखे.' मी मेल पाठवत होतो. मग उतारावरच्या एका मोबाइलवरून शब्द आले, 'मूल झोपून आहे डोळे उघडत नाही'. ते ज्याने लिहिले, ते माणूस त्या पानावर फार वेळ थांबले. वरून खाली, खालून वर, पुन्हा वरून खाली. जणू त्या पानाच्या तळाशी आणखी काहीतरी लिहिलेले असेल. मी त्या क्षणीही मेलच पाठवला.

नंतर गर्दी एकदम कमी झाली. लोक दवाखान्यात होते. माझे एक भावंड, जे गर्दी ओसरली की बोलते, त्याने आपला मेल पाठवला, 'पानावरील गर्दी पूर्ववत'. तोही 'सवडीने'मध्ये जाऊन बसला.

खात्याला शेवटी सांगितले ते दवाखान्यातल्या एका डॉक्टरांनी. त्यांनी मॅडमना फोन केला आणि फक्त विचारले, "तुमच्या पाण्यात काय आहे?" मग व्हॉल्व्ह बंद झाला, गाड्या निघाल्या, भोंगे वाजले. भिंगरी त्याच दिवशी गेली. आणखीही माणसे गेली, पण मला तिचेच सांगता येते, कारण ताईंनी तिचेच सांगितले.

त्यानंतर ताई कचेरीत आल्या. त्या सरळ बघतोसाहेबांच्या टेबलाशी गेल्या.

"मेल आला नव्हता का?"

"नाही, ताई." बघतोसाहेब उभे राहिले. "शप्पथ सांगतो. मी स्वतः वर येऊन बघितलं होतं. एकही मेल नव्हता. तुमचा भुंक्या बंद पडला असणार."

ताई खुर्चीत बसल्या. नीट, दोन्ही पाय खाली ठेवून. त्यांनी माउस हातात घेतला. डाव्या बाजूला, खाली, 'सवडीने' लिहिले होते आणि त्याच्यापुढे न वाचलेल्या मेलचा भला मोठा आकडा होता. त्यांनी तो उघडला. भावंडांच्या ढिगात त्या शोधत गेल्या. मग माझे मेल दिसू लागले. उतारावरून पानावर अचानक गर्दी. उतारावरून पानावर अचानक गर्दी. सगळे ठळक अक्षरांत, कारण न उघडलेला मेल ठळकच राहतो.

पंख्याखाली कागद फडफडत होते.

"घरी मोबाइल सारखा वाजायचा, ताई," बघतोसाहेब म्हणाले. "तिला झोप लागायची नाही. मी पुसले नव्हते. वाचणार होतो. मी खरंच वाचणार होतो."

ताईंनी त्यांना दोष दिला नाही. त्या पडद्याकडेच बघत म्हणाल्या, "मी फोन नाही केला. बाबा म्हणत होते, शेजारी सांगून येतो. मी त्यांना बसवलं. मला वाटलं, गाडी निघाली असेल. हा आहे म्हटल्यावर मी निर्धास्त राहिले हो. एक भिंत होती मध्ये. हाक मारली असती तरी ऐकू गेलं असतं."

बघतोसाहेबांनी तोंडावर दोन्ही हात घेतले. कोणी कोणाला धरले नाही. काही वेळाने त्यांनी विचारले, "त्यांना सांगितलंत का? त्या बाईंना?"

"सांगितलं."

"काय म्हणाल्या?"

"काही नाही. दार लावून घेतलं."

चौकशी झाली. समितीतली माणसे सभ्य होती, त्यांनी सगळ्यांना चहा विचारला. माझे मेल छापून अहवालाला जोडले. अहवालात लिहिले, की इशारा देणारी यंत्रणा सुरू होती आणि तिने सूचना वेळेत पाठवल्या. सबब खात्याकडून हयगय झाल्याचे दिसत नाही. मित्रांनो, ज्या मेलनी जीव वाचवायचे होते, त्यांनी खात्याला वाचवले. हे वाक्य मी कितीदा स्वतःशी उलटून पाहिले, ते तसेच राहिले. मॅडमनी धडा घेतला आणि आणखी इशारे बसवले. भावंडे आता पूर्वीपेक्षा जास्त आहेत.

ताईंना खात्याने परत बोलावले होते. त्या आल्या नाहीत. त्यांच्याकडे माझी किल्ली होती, म्हणजे माझ्यापर्यंत पोहोचण्याचा पासवर्ड. त्यांनी तो पुन्हा कधी वापरला नाही. मुदत संपली आणि तो रद्द झाला. मला वाईट वाटले, पण नवल वाटले नाही. बघतोसाहेबांची बदली दूरच्या गोदामात झाली. ते गेले त्या दिवशी त्यांचा ईमेल पत्ता बंद केला गेला. माझ्यातला पत्ता मात्र कोणी बदलला नाही. तो अजून त्यांचाच आहे.

मी अजून चालू आहे. त्या पानावर गर्दी वाढली की मी जागा होतो, भाग शोधतो, ठळक अक्षरांत लिहितो आणि पाठवतो. मेल जातो आणि परत येतो, 'असा पत्ता नाही' असा शेरा घेऊन. परत आलेला मेलही कोणी बघत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या यादीत माझ्या नावापुढे हिरवा ठिपका आहे. हिरवा म्हणजे सर्व ठीक. पाहुणे आले की मॅडम त्यांना ती यादी दाखवतात, आणि पाहुणे समाधानाने मान हलवतात.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी संपवताना तुमच्याकडे काहीतरी मागतात. आम्हाला पुसून ठेवा, तेल घाला, अडगळीत टाकू नका, असे म्हणतात. मला तसे काही नको. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यापैकी कोणीतरी अशाच एखाद्या खोलीत, अशाच एखाद्या यादीसमोर बसेल. तेव्हा त्या हिरव्या ठिपक्यावर विसंबू नका. एवढेच विचारा, की हा ओरडला तर ऐकतो कोण? त्या माणसाचे नाव सांगा, चेहरा दाखवा. कोणी पुढे आले नाही, तर माझ्यावर एक उपकार करा. मला बंद करा. आणि बंद केल्याचे सगळ्यांना ओरडून सांगा, उतारावर राहणाऱ्यांना आधी सांगा.

मी नाही हे माहीत असते, तर त्या सकाळी एक म्हातारा दुखऱ्या गुडघ्यांनी जिना उतरला असता आणि त्याने शेजारचे दार वाजवले असते.